अंगण खरेच वाकडे असेल तर?

विद्यार्थी मित्रांनो, 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण तुम्हांला चांगली ठाऊक आहे. आपल्या अंगी कौशल्य नसले, की माणूस दोष दुसऱ्या कशाला तरी देतो, असा तिचा अर्थ. पण शास्त्रज्ञाच्या मनात ही म्हण ऐकून एक निराळाच प्रश्न येईल. तो विचारील, "ते अंगण कोणी मोजून पाहिले आहे काय? ते खरोखरच वाकडे असेल तर?"

हा प्रश्न थट्टेचा नाही. कारखान्यात, कचेरीत, शेतावर किंवा शाळेत काम बिघडले म्हणजे 'माणसे आळशी आहेत' असे म्हणून आपण मोकळे होतो. कामाची मांडणीच चुकली आहे काय, हे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ही तपासणी करणारे एक शास्त्र आहे. त्याला औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र असे म्हणतात. विद्यापीठात हा विषय शिकवताना ज्या प्रयोगांची आठवण आवर्जून केली जाते, त्यांतील एक आपल्या शेजारच्या अहमदाबादेत, एका कापडगिरणीत झाला. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

कोडे

अहमदाबादेतील कॅलिको मिलमध्ये जून १९५२ मध्ये नवे स्वयंचलित माग बसवण्यात आले. माग चांगले होते. सूत व्यवस्थित होते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याची घड्याळ लावून मोजणी झाली होती आणि त्या हिशेबाने माणसे नेमली होती. इतके असूनही व्हावे तेवढे उत्पादन होईना आणि सदोष कापडाचे प्रमाणही कमी होईना. यंत्र नवे आणि फळ मात्र जुनेच!

अशा वेळी तुम्ही कोणाला बोलावले असते? अभियंत्याला? की कामगारांवर देखरेख करायला आणखी एका मुकादमाला? गिरणीचे प्रमुख गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संस्थेतील ए. के. राइस यांचे साहाय्य घेतले. ही संस्था माणसांच्या गटांचा व त्यांच्या कामाचा अभ्यास करणारी. राइस १९५३ मध्ये गिरणीत आले. त्यांनी काय पाहिले हे समजण्यासाठी आधी या शास्त्राचा थोडा पूर्वेतिहास पाहू.

फावड्यापासून सुरुवात

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचे एक अभियंता होते. एका पोलाद कारखान्यात त्यांनी साध्या फावड्याचा अभ्यास केला. तोपर्यंत मजूर एकच फावडे घेऊन हलका कोळसाही उचलत आणि जड खनिजही. एका खेपेला कधी फार थोडे वजन उचलले जाई, तर कधी कंबर मोडेल एवढे. एका खेपेत सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलोग्रॅम, वजन आले तर दिवसभरात सर्वांत जास्त माल हलतो, असे टेलर यांना आढळले. मग त्यांनी हलक्या मालासाठी मोठे आणि जड मालासाठी लहान फावडे तयार करवले. येथे दोष मजुराचा नव्हता, फावड्याचा होता.

टेलर यांची पद्धत जगभर पसरली. परंतु तिच्यात एक उणीव राहिली. त्यांनी कामाचे बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला एक माणूस नेमला, आणि विचार करण्याचे काम मात्र वरच्या अधिकाऱ्यांकडे ठेवले. मजूर म्हणजे जणू यंत्राचाच एक भाग! घड्याळ लावून केल्या जाणाऱ्या या मोजणीला कंटाळून १९११ मध्ये अमेरिकेतील एका सरकारी शस्त्रागारात संपही झाला.

त्याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाने, ट्राम चालवण्यास कोणता माणूस योग्य हे प्रयोगशाळेत आधीच ओळखता येईल काय, याचा शोध सुरू केला. १९१३ मध्ये त्यांचे उद्योग आणि मानसशास्त्र या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या देशातील मानसशास्त्राच्या शिक्षणाशीही त्यांचा एक धागा जुळतो. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा सांभाळणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे हार्वर्डला म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले होते.

दिव्याखालचा गोंधळ

यानंतरचे प्रसिद्ध प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील टेलिफोनची साधने बनवणाऱ्या कारखान्यात झाले. १९२४ ते १९२७ या काळात तेथे दिव्यांचा उजेड कमीजास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो हे पाहण्यात आले. उजेड आणि उत्पादन यांचा सरळ मेळ काही बसेना. मग १९२७ पासून, रिले नावाचे छोटे विद्युत्-साधन जुळवणाऱ्या काही स्त्री-कामगारांना एका वेगळ्या खोलीत बसवून वर्षानुवर्षे निरीक्षण केले गेले. मधली सुट्टी दिली, कामाचे तास कमी केले, उत्पादन वाढत गेले. पुढे या सवलती काही काळ काढून घेतल्या, तरी उत्पादन पूर्वीपेक्षा वरच राहिले.

यावरून 'आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, एवढ्या जाणिवेनेच माणसे चांगले काम करतात' असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. त्याला 'हॉथॉर्न परिणाम' असे नाव पडले. पण मित्रांनो, घाई करू नका! त्या खोलीत सुट्टीबरोबर इतर गोष्टीही बदलल्या होत्या. वेतन देण्याची रीत बदलली होती. दोन कामगार मध्येच बदलण्यात आल्या होत्या. आपण किती काम केले हे त्यांना त्यांच्या मोजणीवरून कळत होते. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर फळ कोणत्या गोष्टीचे हे कसे सांगणार? उजेडाच्या प्रयोगांचे जुने आकडे पुढे पुन्हा हाती आले. २०११ मध्ये त्यांची नव्याने तपासणी झाली, तेव्हाही पुस्तकांतून सांगितली जाणारी गोष्ट वाटते तेवढी सरळ नाही असेच दिसले.

तरी एक गोष्ट पक्की झाली. कामगार म्हणजे फावडे धरणारे दोन हात नव्हेत. तो इतर माणसांबरोबर काम करतो, बोलतो, रुसतो, एकमेकांना सांभाळून घेतो. या नात्यांचा विचार केल्यावाचून कामाचा हिशेब पुरा होत नाही. आता अहमदाबादेस परत येऊ.

स्वयंचलित माग म्हणजे काय?

कापडात उभे धागे असतात त्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्यांना बाणा. बाण्याचे सूत एका कांडीवर गुंडाळलेले असते. ही कांडी धोट्यात बसवतात आणि धोटा ताण्यामधून इकडून तिकडे धावतो. साध्या मागावर कांडी संपली, की विणकर माग थांबवून हाताने नवी कांडी घालतो. त्यामुळे एका विणकराला दोनच माग सांभाळावे लागत.

स्वयंचलित मागावर भरलेल्या कांड्यांचा एक साठा जोडलेला असतो. कांडी संपत आली हे एक चाचपणारा भाग ओळखतो आणि माग चालू असतानाच रिकामी कांडी बाहेर पडून भरलेली आत बसते. ताण्याचा धागा तुटला, तर माग आपोआप थांबतो. अर्थातच आता एक माणूस पुष्कळ माग पाहू शकतो. म्हणून विणकराच्या कामाचे तुकडे पाडण्यात आले आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाकडे गेला.

अपूर्णांकांचे कुटुंब

त्या खात्यात २२४ माग होते आणि एका पाळीत २९ माणसे. त्यांच्यात बारा प्रकारची कामे वाटलेली होती. ८ विणकर तुटलेले धागे जोडत. ५ जण कांड्यांचा साठा भरत. एकाच वेळी बरेच धागे तुटून गुंता झाला, तर तो सोडवून सांधणारे ३ जण होते. नवा ताणा मागावर चढवणारे २, तयार कापड वाहून नेणारे २, माग दुरुस्त ठेवणारे जॉबर २ आणि त्यांचे मदतनीस २. याशिवाय कांड्या आणून देणारा, कांडी संपल्याचे ओळखणारा भाग जुळवणारा फिटर, तेल घालणारा, झाडणारा, आणि हवेतील ओलावा राखणाऱ्या यंत्रणेचा फिटर असे प्रत्येकी एक. (हवा कोरडी झाली तर सुती धागे अधिक तुटतात, म्हणून विणकामाच्या खात्यात ओलावा राखावा लागतो.)

आता थोडे गणित करू. २२४ माग आणि ८ विणकर, म्हणजे सरासरी एका विणकराकडे २८ माग. पण कांड्या भरणारे पाच, म्हणजे त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे सुमारे ४५ माग. गुंता सोडवणारे तीन, म्हणजे प्रत्येकाकडे सुमारे ७५ माग. प्रत्येकाची हद्द वेगळी! मग एका विणकराच्या वाट्याला मदतीला कोण आले? कांड्या भरणारा ५/८ माणूस, गुंता सोडवणारा ३/८ माणूस, ताणा चढवणारा पाव माणूस, जॉबर पाव माणूस, तेल घालणारा १/८ माणूस!

कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. पण ५/८ माणसाशी मैत्री कशी करायची? समजा, एका विणकराच्या मागावर धाग्यांचा गुंता झाला. गुंता सोडवणारा त्या वेळी दुसऱ्या विणकराकडे गुंतलेला आहे. आधी कोणाचे काम करायचे हे कोण ठरवणार? दोघांचा समान असा म्होरक्या नव्हता. एकोणतीसही जण थेट खात्याच्या पर्यवेक्षकाला जबाबदार. माग बंद राही, आणि तो बंद का आहे याचे उत्तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवून देई.

दुसरी अडचण अशी, की घड्याळ लावून केलेला हिशेब 'धागे अमुक प्रमाणात तुटतील' असे धरून केलेला होता. पण कापडाचा प्रकार बदलला, सूत बदलले, की धागे तुटण्याचे प्रमाणही बदलते. मग बाराही कामांचा बोजा पुन्हा मोजायला हवा. कापडाचे प्रकार तर वारंवार बदलत. म्हणजे हिशेब एकदा बसला, तरी फार दिवस टिकणे शक्य नव्हते.

राइस यांच्या ध्यानात आले, की येथे माणसेही वाईट नाहीत आणि यंत्रेही वाईट नाहीत. दोहोंना जोडणारी व्यवस्था सदोष आहे. अंगणच वाकडे आहे!

सात जणांचा गट

राइस यांच्याच संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बॅमफर्थ स्वतः खाणीत काम केलेले होते. नवी यंत्रे आल्यावर एकमेकांच्या आधाराने चालणाऱ्या खाणकामगारांच्या छोट्या टोळ्या मोडल्या आणि त्याने काम बिघडले, असे त्यांना दिसून आले होते. यंत्रे आणि माणसांचे परस्परसंबंध ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यास समाज-तांत्रिक व्यवस्थेचा सिद्धांत म्हणतात.

त्याच धर्तीवर राइस यांनी सुचवले, की खात्याचे पट्टे पाडावेत. एकेका पट्ट्यातील सुमारे साठ माग सात माणसांच्या एका गटाकडे सोपवावेत. विणणे, ताणे चढवणे, मागांची देखभाल ही कामे गटाने आपसांत वाटून घ्यावीत आणि गटाचा एक म्होरक्या असावा. आता 'माझे काम' आणि 'तुझे काम' यांऐवजी 'आपले माग' असे म्हणता येणार होते.

ही कल्पना कामगारांच्या कानी गेल्यावर जे घडले, ते सर्वांत लक्षणीय आहे. कामगारांनी ती उचलून धरली. कोणी कोणाबरोबर काम करायचे हे त्यांनी स्वतःच ठरवले आणि आपले गट आपणच तयार केले. वरून कोणी याद्या लावल्या नाहीत.

घडी बसायला काही दिवस गेले. त्यानंतरचे आकडे बोलके होते. माग अखंड चालला तर जेवढे उत्पादन व्हावे, त्याच्या सुमारे ८० टक्के पूर्वी होत असे. ते प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत गेले. सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या आसपास उतरले. माग तेच होते, गिरणीही तीच होती. बदलली होती ती कामाची मांडणी. या प्रयोगाची हकीकत राइस यांनी १९५८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

शंका घेणे हेही शास्त्रच

हॉथॉर्नचा धडा तुम्ही विसरला नसाल, तर तुमच्या मनात एव्हाना शंका आली असेल. अहमदाबादेतही एकच गोष्ट बदलली होती काय? नाही. नव्या व्यवस्थेबरोबर वेतनाची रचनाही बदलली होती. मग उत्पादन गटामुळे वाढले की पैशामुळे? काही संशोधकांनी पुढे हाच आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. चालत्या गिरणीत प्रयोगशाळेसारखे एकेक कारण वेगळे करून पाहणे फार अवघड असते. कामगारांचे पोट त्या कामावर असते. ज्याच्याकडे जास्त जबाबदारी सोपवली, त्याला जास्त वेतन नको असे कसे म्हणता येईल?

दुसरी शंका ही, की सुधारणा टिकली काय? टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० मध्ये गिरणीत पुन्हा पाहणी केली. एका खात्यात गटपद्धती बऱ्याच अंशी टिकून होती. इतर ठिकाणी मात्र ती विस्कटली होती. बाहेरची परिस्थिती आणि कापडाची मागणी बदलली, की आतल्या व्यवस्थेवरही ताण येतो. पुढे ती गिरणीही बंद पडली. कामाची मांडणी कितीही चांगली असली, तरी ती एकदा करून विसरून जाण्याची गोष्ट नव्हे. तिची निगा मागाइतकीच राखावी लागते.

अहमदाबादेत हे काम एकट्या राइस यांनीच केले असे मात्र समजू नका. तेथील वस्त्रोद्योगाच्या 'अटिरा' या संशोधनसंस्थेत कमला चौधरी यांनी १९४९ पासून गिरणीतील माणसांचा मानसशास्त्रीय अभ्यास सुरू केला होता. पुढे अहमदाबादच्या व्यवस्थापन-संस्थेत त्यांनी अध्यापनही केले.

याचा उपयोग कोणाला?

या शास्त्राचा हेतू केवळ मालकाचा नफा वाढवणे एवढाच मानला, तर ते शास्त्र अपुरे राहील. वाकड्या व्यवस्थेची किंमत प्रथम कामगार मोजतो. तो दमतो, बोलणी खातो, कधी अपघातात सापडतो, आणि दोषही त्याच्याच माथी बसतो. म्हणून कोणालाही 'आळशी' म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. त्याला दिलेले साधन योग्य आहे काय? त्याचे काम इतरांच्या कामाशी नीट जोडलेले आहे काय? आणि आपल्या कामाविषयी काही ठरवण्याचा त्याला अधिकार आहे काय? तिन्हींची उत्तरे 'होय' आली, तरच दोष माणसात शोधावा.

करून पाहा

आठ मित्र जमवा आणि चौघाचौघांचे दोन गट करा. वह्यांना कव्हरे घालण्याचे काम घ्या. पहिल्या अर्ध्या तासात 'अ' गटात एकाने फक्त कागद कापावा, दुसऱ्याने फक्त घड्या घालाव्यात, तिसऱ्याने फक्त नावाची चिठ्ठी चिकटवावी, चौथ्याने फक्त सामान आणून द्यावे. कोणी दुसऱ्याच्या कामास हात लावायचा नाही. 'ब' गटाने काम कसे वाटायचे हे आपसांत ठरवावे आणि हवे तेव्हा बदलावे. नंतरच्या अर्ध्या तासात दोन्ही गटांनी पद्धतींची अदलाबदल करावी. दर वेळी पुऱ्या झालेल्या वह्या मोजा, आणि त्यांपैकी सदोष किती तेही मोजा. शेवटी कोणती पद्धत आवडली हे प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर लिहावे.

उत्तर काय यावे हे मुद्दामच सांगत नाही. कदाचित 'अ' पद्धतच सरस ठरेल! आकडे जे सांगतील ते मान्य करा.

प्रश्न

१. वरील प्रयोगात अर्ध्या तासानंतर गटांच्या पद्धतींची अदलाबदल का करायची? ती न केल्यास कोणती चूक होईल?

२. त्या खात्यातील विणकर सोडून उरलेल्या सर्वांची बेरीज केली, तर एका विणकरामागे किती माणसे येतात? उत्तर अपूर्णांकात लिहा.

३. तुमच्या शाळेत किंवा घरी नेहमी बिघडणारे एखादे काम निवडा. दोष माणसाचा आहे की मांडणीचा, हे ठरवण्यासाठी तुम्ही काय काय मोजाल?